बटरमिल्क बिस्किटं चपटी आणि चिवट का होतात?

अमेरिकेतल्या शार्लटला तीन वर्षं राहून नाशिकला परतलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. तिकडे शनिवारी सकाळी मिळायची तशी उंच, मऊ, पदर सुटणारी बटरमिल्क बिस्किटं त्यांना घरी करायची आहेत. चार वेळा करून झाली. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, फ्रीजमधलं बटर आणि पिशवीतलं ताक घेतलं. पोळ्यांची कणीक मळतो तसं छान तिंबून घेतलं, अर्धा तास झाकून ठेवलं, लाटून पेल्याने गोल कापले आणि ओटीजीत 180 अंशांवर 25 मिनिटं भाजले. दर वेळी चपटी, वरून कडक, आतून चिवट. शेवटच्या खेपेला ताक जास्त आंबट वाटलं म्हणून सोडा पाव चमच्याऐवजी पूर्ण चमचा घातला, तर पिवळे डाग पडले आणि साबणासारखी चव आली. कुठे चुकतंय, असं त्या विचारतात.

ताई, सामान बरंचसं बरोबर आहे. चूक मुख्यतः हाताची आहे, आणि ती होणं अगदी साहजिक आहे. आपल्या हाताला लहानपणापासून एकच शिकवण असते की पीठ जितकं मळू तितकं चांगलं. बिस्किटाला नेमकं उलट हवं. पीठ जेमतेम गोळा झालं, अजून खडबडीत दिसतंय, कडेला कोरं पीठ चिकटलंय, अशा वेळी हात थांबला पाहिजे. ही एक गोष्ट अंगवळणी पडली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मैदा, ताक आणि भट्टीचं तापमान यांत आहे, तेही सांगते.

मी नॉक्सव्हिलजवळ, पूर्व टेनेसीत, 16 वर्षं राहिले. त्यातली 9 वर्षं एका न्याहारीच्या हॉटेलात पहाटे चारला उठून बिस्किटं केली. आता पुण्यात शिकवते. त्यामुळे तिथलं पीठ आणि इथलं पीठ, तिथली थंडी आणि इथला मे महिना, दोन्हीकडे हात भाजून घेतलेत.

ज्यांनी हे खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे आपलं चहात बुडवायचं बिस्कीट नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत, म्हणजे टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलिना, अलाबामा या पट्ट्यात, बिस्कीट म्हणजे यीस्ट न घालता केलेला, मुठीएवढा मऊ पाव. गोड नाही, अंडं नाही. वरचा पापुद्रा किंचित कुरकुरीत, आत पदर, आणि ताकाचा हलका आंबटपणा. बिस्कीट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ दोनदा भाजलेलं असा आहे. हे मात्र एकदाच भाजतात आणि गरम असतानाच संपवतात.

हे मला शिकवलं शेजारच्या एका आजींनी. त्या वेळी त्या सत्तरीच्या पुढे होत्या. त्यांच्याकडे एक लांबट लाकडी परात होती, आपल्या काथवटीसारखीच, आणि तीत कायम पीठ भरलेलं असायचं. पिठाच्या मधोमध त्या मुठीने खळगा करायच्या. त्यात डुकराच्या चरबीचा, म्हणजे लार्डचा, अक्रोडाएवढा गोळा टाकायच्या, वर ताक ओतायच्या आणि तीन बोटांनी आतल्या आत गोल फिरवत कडेचं पीठ थोडं थोडं ओढून घ्यायच्या. मापाचं भांडं नाही, चमचा नाही. ओल्या गोळ्याला हवं तेवढंच पीठ त्यात जायचं, बाकीचं परातीत कोरडंच राहायचं. गोळा बाहेर काढला की उरलेलं पीठ चाळून परत डब्यात, दुसऱ्या दिवशीसाठी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सवयीने तळव्याने दाबून मळायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हनी, याला झोपलेलं बाळ समज. उचल, ठेव, पण हलवू नकोस." त्यानंतर हजारो बिस्किटं केली असतील, पण हात जड पडायला लागला की अजूनही मनगटावरचा तो हात आठवतो.

आता मळण्याने बिघडतं काय? गव्हाच्या पिठातली प्रथिनं पाण्यात भिजली आणि त्यांना दाब मिळाला की त्यांची रबरासारखी जाळी तयार होते, तेच ग्लुटेन. पोळीला ती जाळी लागते, त्याशिवाय पोळी लाटताना ताणली जाणार नाही. बिस्किटाला ती नको. जाळी घट्ट झाली की आतला वायू पिठाला वर उचलू शकत नाही, आणि भाजल्यावर दाताखाली चिवट लागतं. तुमचं पीठ तिंबलेलं होतं आणि वर अर्धा तास मुरलेलं. त्या अर्ध्या तासात दुसरंही नुकसान झालं. ताक आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. तो तुमच्या झाकलेल्या भांड्यातच संपला, भट्टीत जाईपर्यंत उचलायला फारसं काही उरलंच नव्हतं.

दक्षिणेतल्या बिस्किटाचं खरं गुपित तिथल्या गव्हात आहे. त्या उबदार, दमट भागात मऊ जातीचा हिवाळी गहू पिकतो. त्यात प्रथिनं कमी असतात. नॉक्सव्हिलचाच व्हाइट लिली हा मैदा 1883 पासूनचा, आणि तिथल्या बायका त्याच्यावाचून दुसऱ्या पिठाला हात लावत नाहीत. त्यात प्रथिनं साधारण 8 ते 9 टक्के. नॉक्सव्हिलमधली त्याची जुनी गिरणी 2008 मध्ये बंद झाली आणि दळण दुसऱ्या राज्यांत गेलं, तेव्हा आमच्या हॉटेलात कित्येक आठवडे दुसरा विषय नव्हता. पीठ बदललं की बिस्कीट बदलतं हे त्या सगळ्यांना हाताने माहीत होतं.

आपल्याकडच्या मैद्यात प्रथिनं बहुतेक वेळा 10 ते 11 टक्के असतात. पुडीच्या मागे 100 ग्रॅममागचा आकडा छापलेला असतो, तो बघा आणि त्यातल्या त्यात कमी असलेली पुडी घ्या. मी 250 ग्रॅममधला 30 ग्रॅम मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोर घालते आणि दोन्ही एकत्र तीनदा चाळते. कॉर्नफ्लोरमध्ये प्रथिनं नसल्यात जमा, त्यामुळे एकूण पीठ मऊ पडतं. कणकेची बिस्किटं करू नका असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या चार-पाच वेळांत नको. आपली चक्कीची कणीक पाणी फार ओढते, आणि नेमकं कुठे बिनसलं ते कळणार नाही. आणि पीठ वजन करूनच घ्या. वाटीने घेताना दाबून भरलं की सहज 25-30 ग्रॅम जास्त जातं, तेवढ्यानेच बिस्कीट कोरडं होतं.

लोण्याविषयी जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या फराळाच्या सवयी इथे आड येतात. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला चोळतो, मुटका वळला की मोहन बरोबर पडलं म्हणतो. त्याने खुसखुशीतपणा येतो, पदर येत नाहीत. पदरासाठी आपल्याकडे चिरोट्याला साटा लावतात, पोळीवर पोळी ठेवून मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा थर. बिस्कीट हे शंकरपाळ्याचं नव्हे, चिरोट्याचं भावंड समजा. फरक इतकाच की साटा वेगळा लावायचा नाही, थंड लोण्याचे तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे, आणि पिठाच्या घड्या घालताना तेच चपटे होऊन थर बनतात. भट्टीत गेल्यावर लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा थर उचलते. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, ते इथे कामाला येतं. लोणी आधीच पिठात विरघळलं असेल तर वाफेला उचलायला थरच उरत नाहीत.

म्हणून बटर दगडासारखं गार हवं. आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका आणि सकाळी खिसणीच्या मोठ्या भोकांनी थेट पिठात खिसा. नाशिकला एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर 35 अंशांच्या वर जातं, आणि बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. म्हणजे खिसताना बोटांतच ते मऊ पडणार. उन्हाळ्यात मैदा आणि भांडंही 20 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते आणि काम सकाळी सहाच्या आत उरकते. चोळताना फक्त बोटांची टोकं वापरा, तळवा लावू नका, तळवा गरम असतो. काही तुकडे तुरीच्या डाळीएवढे आणि काही पोह्यांसारखे चपटे राहिले पाहिजेत. पीठ रव्यासारखं एकसारखं दिसायला लागलं तर पुढे गेलात.

मिठाचं बटर घेतलं तर पाककृतीतलं मीठ निम्मं करा. घरचं साईचं लोणी चालतं का, हे हमखास विचारतात. चालतं, पण त्यात पाणी जास्त आणि दर वेळी वेगळं असतं. बर्फाच्या पाण्यात दोनदा धुऊन, दाबून पाणी काढून, मग वडी थापून गोठवा. मांसाहारी घरात लार्डने केलेली बिस्किटं चवीला वेगळीच लागतात. 1911 मध्ये सिनसिनाटीच्या एका कंपनीने क्रिस्को नावाचं वनस्पती तूप बाजारात आणलं आणि दक्षिणेतल्या घरांत लार्डची जागा पुष्कळ अंशी त्याने घेतली. आपला डालडा त्याच जातीचा. वनस्पती तुपाने बिस्कीट मऊ होतं, उंचही होतं, पण चवीत लोण्याची सर नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

आता ताक. नावातच आहे ते, पण अमेरिकेतलं बटरमिल्क आणि आपलं पिशवीतलं ताक ही एक वस्तू नाही. पूर्वी होती. त्या मुलखातही शेतावर दुधावरची साय आपोआप आंबू द्यायचे, घुसळायचे, लोणी वर आलं की काढायचे, आणि खाली उरलेलं पातळ, आंबूस ते बटरमिल्क. आपल्याकडे आठवड्याची साय साठवून विरजण लावून लोणी काढतात त्या दिवशी भांड्यात उरतं तेच. अमेरिकेत आता दुकानात मिळतं ते मात्र कमी सायीच्या दुधाला विरजण लावून केलेलं, न घुसळलेलं, दाट. पाककृतीतलं माप त्या दाट ताकाचं असतं. तिथे असताना मी त्याची कढी करायची, आणि दह्याचं विरजण नसलं की तेच दुधाला लावायची.

आपलं ताक दह्यात पाणी घालून केलेलं. एक पेला पातळ ताक ओतलं की पीठ चिखलासारखं होतं. मग हात आपोआप कोरडं पीठ घालत जातो, जास्त मळतो, आणि सगळं पुन्हा तिथेच येतं. पिशवीतलं मसाला ताक तर घेऊच नका, त्यात मीठ, जिरं, हिंग असतं. माझी पद्धत सोपी आहे. घरचं दोन दिवसांचं आंबूस दही तीन वाट्या घ्या, एक वाटी गार पाणी घाला, रवीने गुठळ्या मोडेपर्यंत फिरवा. फार घुसळू नका, लोणी सुटायला लागेल. इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल, चमच्यावरून जाड धारेने पडेल इतकं हवं. लोणी काढल्यावर उरलेलं ताक वापरायचं तर ते तासभर फ्रीजमध्ये स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी ओतून टाका आणि खालचं दाट घ्या. ही चव मला सगळ्यांत आवडते. दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून केलेलं नकली बटरमिल्क अडीअडचणीला ठीक आहे. आंबटपणा मिळतो, दाटपणा आणि वास मिळत नाही.

साबणाच्या चवीचं कारण सोडा. ताकातल्या आम्लाने सोडा विरून जायला हवा. 1 कप, म्हणजे 240 मिली, दाट ताक साधारण अर्धा छोटा चमचा सोडा पचवतं. तुम्ही पूर्ण चमचा घातला. जो उरला त्याने पीठ अल्कधर्मी झालं. मैद्यातली रंगद्रव्यं अशा पिठात पिवळी पडतात, तेच तुमचे डाग, आणि साबणाची चवही त्याचीच. मी पावच चमचा घालते. त्यामुळे थोडा आंबटपणा शिल्लक राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे, नाहीतर ताक घालण्यात काय अर्थ? उंची मुख्यतः बेकिंग पावडर देते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पावडरींचं काम दोन टप्प्यांत होतं, काही वायू ओलं झाल्यावर आणि उरलेला भट्टीच्या आचेवर. डबा उघडून सहा महिने झाले असतील तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फेसाळली नाही तर टाकून द्या.

या पावडरीआधी बिस्किटं कशी करायचे तेही ऐका, कारण मला ते विसरून चालणार नाही असं वाटतं. व्हर्जिनिया, मेरीलँड भागात बीटन बिस्किट नावाचा प्रकार होता. पीठ भिजवून लाकडी ओंडक्यावर ठेवायचं आणि मुसळ किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याने अर्धा-अर्धा तास बडवायचं, पाहुणे असले तर त्याहूनही जास्त. त्याने पिठात हवेचे बारीक बुडबुडे शिरायचे. बडवणारे हात बहुतेक वेळा गुलाम कृष्णवर्णीय बायकांचे असायचे आणि बिस्किटं जायची मालकाच्या टेबलावर. पुढे सोडा आला, 1856 मध्ये एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने बेकिंग पावडरीच्या घटकाचं पेटंट घेतलं, गिरण्यांचं पांढरं पीठ स्वस्त झालं, आणि रविवारचं बिस्कीट हळूहळू रोजचं झालं. तोवर रोजच्या जेवणात मक्याची भाकर असायची. आपल्याकडे रोज ज्वारी-बाजरीची भाकरी आणि सणाला गव्हाची पोळी असायची, तसंच.

व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनच्या एडना लुईस या नामवंत आचारी बेकिंग पावडर घरीच करायच्या, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे एक आंबट पांढरी पूड, आणि एक भाग सोडा. विकतच्या पावडरीला धातूची चव येते असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना ती चव जाणवते त्यांनी हे जरूर करावं, पण पीठ कालवल्यावर अजिबात वेळ दवडू नये. या मिश्रणाचा वायू जवळजवळ सगळा लगेच सुटतो.

आता प्रत्यक्ष कृती सांगते. भट्टी सगळ्यांत आधी पेटवा. ओटीजी 230 अंशांवर, खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल चालू, निदान 20 मिनिटं. दिवा विझला म्हणजे तापली असं नाही. आतल्या भिंतीही तापल्या पाहिजेत. 220 मैदा आणि 30 कॉर्नफ्लोर मिळून 250 ग्रॅम, त्यात अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाऊण चमचा मीठ, हवी असली तर एक चमचा साखर. टेनेसीतल्या आजी साखरेला हात लावत नसत, मीही लावत नाही. तीनदा चाळा. 90 ग्रॅम गोठलेलं बटर त्यात खिसा, बोटांच्या टोकांनी हलकेच मोकळं करा. मधोमध खळगा करून 180 मिली गार, दाट ताक एकदम ओता आणि काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने 12 ते 15 वेळा ढवळा. मोजा. मी अजून मनात मोजते. तळाला कोरडं पीठ राहिलं तर आणखी 1-2 चमचे ताक शिंपडा. मिश्रण चिकट, ओबडधोबड, हात लावावासा वाटणार नाही असं दिसायला हवं. इथेच तुम्हाला वाटेल की काहीतरी चुकलं, थोडं मळून घ्यावं. नका मळू.

ओट्यावर मैदा भुरभुरा, मिश्रण त्यावर उलटा, वरही थोडा भुरभुरा. लाटणं ठेवून द्या. भाकरी थापतो तसं बोटांनी थापत आयत करा, साधारण एक इंच जाड. आंतरदेशीय पत्राची घालायचो तशी तीन पदरी घडी घाला, आडवं फिरवा, पुन्हा थापा, पुन्हा घडी. असं तीन वेळा. पहिल्या घडीला ते फाटेल, तुटेल, खालून चिकटेल. उलथन्याने उचला आणि पुढे चला. तिसऱ्या घडीपर्यंत ते आपोआप गुळगुळीत दिसायला लागतं, आणि कडेला लोण्याचे फिके पट्टे दिसले की समजायचं पदर बसले. शेवटी एक इंच जाडच ठेवा. तुम्ही पोळीसारखं लाटलं होतंत, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकतीने वर यायचं म्हटलं तरी किती येणार!

पेल्याने कापू नका. पेल्याची कड गोलसर असते, ती कापत नाही, दाबते. दाबलेल्या कडेचे पदर एकमेकांना चिकटतात आणि बिस्कीट वर उठताना एका बाजूला झुकतं. पातळ धारेचा धातूचा साचा घ्या, साधारण 6 सेंटिमीटरचा, मैद्यात बुडवा, सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. फिरवायचा नाही. आणि साचा नसेल तर धारदार सुरीने चौकोन कापा. खरं सांगायचं तर घरी मी चौकोनच कापते, म्हणजे उरलेले तुकडे परत गोळा करावे लागत नाहीत. गोळा केलेल्या तुकड्यांची बिस्किटं नेहमीच जरा घट्ट होतात.

बिस्किटं एकमेकांना खेटून ठेवा. दूर ठेवली तर ती आडवी पसरतात, खेटून ठेवली तर एकमेकांच्या आधाराने वर जातात. तिकडे त्यासाठी बिडाचं पसरट भांडं असतं. आपला बिडाचा खोलगट तवा उत्तम, नाहीतर केकचा आठ इंची डबा. बाहेर फार उकडत असेल तर कापलेली बिस्किटं भांड्यासकट 10 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. ओट्यावर अर्धा तास ठेवण्यासारखं हे नाही. थंडीत वायू सुटणं मंदावतं आणि लोणी पुन्हा घट्ट होतं.

मग 230 अंशांवर 14 ते 16 मिनिटं, वरच्या बाजूच्या खणात. 180 अंशांवर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. लोणी आधी वितळून तळाशी गळतं, पीठ मागाहून शिजतं, आणि बिस्कीट लोण्यात तळल्यासारखं कडक होतं. ओटीजीचा आकडा खरा असेलच असं नाही, माझा तर 20 अंश कमी दाखवायचा. भट्टीत ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, मोठा खर्च नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तो जितका जाईल तितक्यावर, म्हणजे बहुधा 200 ते 220 वर, भाजा आणि 3-4 मिनिटं वाढवा. तळ करपत असेल तर खाली दुसरा ट्रे सरकवा. माथा सोनेरी झाला आणि बाजूचे पदर फिके पण कोरडे दिसले की बाहेर काढा आणि लगेच वितळलेल्या लोण्याचा हात फिरवा.

सुरीने कापू नका. मधल्या पदरात दोन्ही अंगठे घालून उघडा, ती तिथेच फाटतात. तिकडे यावर पांढरी मिरपूड ग्रेव्ही घेतात. ताज्या, सेज नावाचा सुगंधी पाला घातलेल्या डुकराच्या सॉसेजच्या चरबीत मैदा परतून दूध ओततात, आणि काळी मिरी भरपूर, दिसेल इतकी. शाकाहारी घरात दोन मोठे चमचे बटर, दोन मोठे चमचे मैदा, दोन कप दूध आणि एक चमचा जाडसर कुटलेली मिरी घेऊन तशीच होते. गोव्याच्या चोरिसने, म्हणजे तिथल्या डुकराच्या तिखट सॉसेजने, मी एकदा करून पाहिली. त्यातल्या व्हिनेगर आणि मिरचीने दूध फाटल्यासारखं झालं. चोरिस वेगळा परतून बिस्किटात भरला तर मात्र सुंदर लागतो.

गोडाकडे जायचं तर लोणी आणि सॉर्गम सिरप. गोड ताटांच्या ज्वारीचा रस काढून आटवलेलं हे पाकासारखं, टेनेसी-केंटकीकडचं. ज्वारी म्हटल्यावर मला तिथे घरचंच वाटलं होतं. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही 'मधुरा' हा गोड ज्वारीचा वाण काढून त्याचं सिरप केलं आहे. ते नाही मिळालं तर कोल्हापुरी काकवी घ्या. गरम बिस्कीट उघडून आत लोणी, वर काकवी. माझ्या घरी रविवारी हेच असतं.

एक शेवटची सोय. एकदम दुप्पट करा, निम्मी कापल्यावर कच्चीच ट्रेवर गोठवा, घट्ट झाली की पिशवीत भरा. महिनाभर चांगली राहतात. न वितळवता थेट 220 अंशांवर टाका, 18 ते 20 मिनिटं लागतील. भाजून उरलेली दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ती चामड्यासारखी होतात. मधून फाडून, आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर मंद आचेवर ठेवा, लालसर होईपर्यंत.

पाचव्यांदा कराल तेव्हा घड्या घालण्याआधीचा आणि भाजल्यावर मधून फाडलेला, असे दोन फोटो पाठवा. पीठ किती ओलं होतं आणि पदर कुठे बसले, हे त्यावरून मला सांगता येईल.